मुलांना ख्रिस्ती विश्वासात वाढवताना: पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

मी रविवारच्या शाळेत शिकवते. उपासना संपली की चर्चच्या आवारात आणि एरवी फोनवर पालकांचे प्रश्न येत राहतात. विचारणाऱ्यांत अहिल्यानगर-पुण्याकडची प्रॉटेस्टंट कुटुंबं आहेत, वसईची कॅथलिक आहेत, आणि घरात एकटेच ख्रिस्ती असलेले आई-वडीलही आहेत. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट रीत जिथे वेगळी आहे, तिथे तसं नोंदवलं आहे.

१. मुलाला विश्वासाची ओळख कोणत्या वयात करून द्यावी?

मूल बोलू लागण्याच्या आधीपासून. झोपवताना म्हटलेलं गीत, जेवणाआधी जोडलेले हात, कॅथलिक घरात बाळाच्या कपाळावर केलेली क्रुसाची खूण, हे सगळं शब्द कळण्याच्या आधी मुलाच्या अंगवळणी पडतं. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात इस्राएली आई-बापांना सांगितलं आहे की घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना मुलांशी देवाच्या वचनांविषयी बोला. त्या ओळींत मंदिराचा किंवा याजकाचा उल्लेखही नाही.

दोन-तीन वर्षांच्या मुलाला एका वाक्याची प्रार्थना पुरते. चार-पाच वर्षांचं मूल ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ऐकून ऐकून पाठ म्हणू लागतं. अर्थ समजावण्याची घाई नको, तो हळूहळू भरत जातो. कॅथलिक नियमशास्त्र सात वर्षांच्या मुलाला समजेचं वय आलं असं धरतं, आणि शिकवणाऱ्यांचा अनुभवही साधारण तसाच आहे: सातव्या वर्षाच्या आसपास ‘का?’ हा प्रश्न खऱ्या अर्थाने सुरू होतो.

२. रविवारची शाळा आहे, सुट्टीत व्हीबीएस (मुलांची सुट्टीतली बायबल शाळा) आहे. मग घरी वेगळं काय शिकवायचं?

आठवड्यातून तासभर मूल आमच्याकडे असतं. त्या तासात आम्ही गोष्ट सांगतो, वचन पाठ करून घेतो, गाणं शिकवतो. ‘आपल्या शेजाऱ्यावर प्रीती कर’ ही आज्ञा मूल आमच्याकडे पाठ करतं, पण तिचा अर्थ ते घरी शिकतं: कामाला येणाऱ्या मावशींशी आई कशी बोलते, दुकानदाराने चुकून जास्त दिलेले पैसे बाबा परत करतात का, भांडण झाल्यावर घरात कोण आधी क्षमा मागतं. आई-वडिलांनी मुलाची क्षमा मागितली, तर पापक्षमेवरचा माझा धडा त्याला निम्मा आधीच आलेला असतो. वर्गात हे लगेच लक्षात येतं.

म्हणून घरी वेगळा अभ्यासक्रम लागत नाही. रोजची छोटी प्रार्थना (प्रश्न ३) आणि खरेपणाने जगलेले दिवस लागतात.

३. घरच्या प्रार्थनेला मुलं कंटाळतात, पेंगतात, हसतात. काय करावं?

आधी वेळ कमी करा. दहा मिनिटं खूप झाली: एक गीत, पाच-सहा ओव्यांचा शास्त्रपाठ आणि प्रत्येकाने एक आभार, एक मागणं. आपल्या बऱ्याच घरांत वडीलधारे प्रार्थनेला लागले की सगळ्या नातलगांची नावं होईपर्यंत थांबत नाहीत. ती प्रार्थना मोलाचीच आहे, पण मुलं झोपल्यावर करावी. वसईच्या घरांत संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, असतो. तिथे लहान मुलांनी पाचातलं एकच दशक (दहा जपांचा एक भाग) म्हटलं तरी चालावं, आणि ते त्यांनीच पुढे होऊन म्हणावं.

मुलाने स्वतःच्या शब्दांत केलेली प्रार्थना कधीही सुधारू नका. ‘देवा, उद्या गणिताच्या बाई येऊ देऊ नकोस’ असं म्हणणारं मूल देवाशी खरं बोलतं आहे. चांगल्या प्रार्थना ते मोठ्यांच्या ऐकून शिकेल. हसू आलं तर येऊ द्या.

एखादा दिवस चुकला तर चुकला. प्रार्थनेवरून रोज रागावणं झालं, तर मुलाच्या मनात प्रार्थना आणि राग यांची गाठ बसते, आणि ती मोठेपणी सुटत नाही.

४. बाप्तिस्मा बाळपणीच द्यावा, की मूल मोठं होऊन स्वतः ठरवेपर्यंत थांबावं?

हे तुमच्या मंडळीवर, म्हणजे तुमच्या चर्चच्या परंपरेवर, अवलंबून आहे. कॅथलिक चर्चमध्ये जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत बाप्तिस्मा द्यावा असा नियम आहे. अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन परंपराही बालबाप्तिस्मा देतात. बॅप्टिस्ट आणि बहुतेक पेंटेकॉस्टल मंडळ्या स्वतः विश्वास कबूल करणाऱ्यालाच बाप्तिस्मा देतात, तोही बुडवून. त्यांच्याकडे बाळाचं समर्पण होतं.

चर्च ऑफ नॉर्थ इंडियात दोन्ही वाटा खुल्या आहेत. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चेस एकत्र येऊन हे चर्च झालं. त्यांत बालबाप्तिस्मा देणारी होती आणि न देणारीही होती, म्हणून दोन्ही रीती मान्य ठेवल्या गेल्या. तुम्हाला थांबायचं असेल तर पाळकसाहेबांशी मोकळेपणाने बोला.

माझं मत बालबाप्तिस्म्याच्या बाजूने आहे. मुलाने काही करण्याआधी देवाने त्याला आपलं म्हटलं, ही गोष्ट मला शुभवर्तमानाच्या गाभ्याजवळची वाटते. पण थांबणारे पालक निष्काळजी आहेत असं कुणी म्हणू नये. त्यांतल्या अनेकांच्या घरी मुलांचं शिक्षण आमच्यापेक्षा कसून चालतं.

५. बाळ अतिदक्षता विभागात आहे, पाळक किंवा फादर वेळेत पोहोचणार नाहीत. आम्ही बाप्तिस्मा देऊ शकतो का?

हो. कॅथलिक चर्चच्या नियमानुसार निकडीच्या वेळी योग्य हेतू असलेली कोणीही व्यक्ती बाप्तिस्मा देऊ शकते. अँग्लिकन परंपराही असा बाप्तिस्मा मान्य करते. डॉक्टरांना विचारून बाळाच्या डोक्यावर थोडं पाणी ओता आणि नाव घेऊन म्हणा: ‘मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो’ किंवा ‘देते’. नंतर चर्चला कळवा, म्हणजे नोंद होईल. बाळ बरं झालं तर बाप्तिस्मा पुन्हा द्यायचा नसतो, राहिलेले विधी चर्चमध्ये होतात.

आणि वेळ मिळालीच नाही तर? हा प्रश्न मला आयांनी रडत विचारला आहे. बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांना चर्च देवाच्या दयेवर सोपवतं, असं कॅथलिक धर्मशिक्षण सांगतं. व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने २००७ मध्ये या बाळांच्या तारणाची आशा धरायला सबळ आधार आहे, असं सविस्तर मांडलं. ‘बाळकांना माझ्याजवळ येऊ द्या’ असं म्हणणाऱ्या प्रभूने तुमच्या बाळाला दारातून परत पाठवलं असेल, असं कृपा करून मनात आणू नका. कुणी तसं बोललं तर ऐकून घेऊ नका.

६. धर्मपिता-धर्ममाता कुणाला करावं? जवळची मैत्रीण हिंदू आहे, ती चालेल का?

कॅथलिक नियमानुसार एक धर्मपिता, किंवा एक धर्ममाता, किंवा दोघं असू शकतात. ती व्यक्ती साधारणपणे सोळा वर्षं पूर्ण झालेली, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करण्याचा संस्कार) झालेली कॅथलिक असावी लागते. बाळाचे आई-वडील ती जागा घेऊ शकत नाहीत. दुसऱ्या मंडळीतली बाप्तिस्मा झालेली व्यक्ती कॅथलिक धर्मपालकासोबत साक्षीदार म्हणून उभी राहू शकते. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत नियम सैल असतात, पण ख्रिस्ती असावं ही अपेक्षा असतेच, कारण ती व्यक्ती मुलाच्या विश्वासाची हमी देत असते. हिंदू मैत्रिणीला सोहळ्याला आवर्जून बोलवा, मुलाची मावशी म्हणून तिचं स्थान कायम राहील.

निवड करताना श्रीमंत काका किंवा परदेशातली आत्या हा विचार बाजूला ठेवा. मूल पंधरा वर्षांचं होऊन तुमच्याशी बोलेनासं झालं, तर ते ज्यांच्याकडे जाईल अशी माणसं शोधा.

७. बायबलमधल्या कोणत्या गोष्टी आधी सांगाव्यात? काही फार भयंकर आहेत.

येशूपासून सुरुवात करा. त्याचा जन्म, वादळ शांत करणं, पाच हजारांना जेवण, झाडावर चढलेला जक्कय, हरवलेलं मेंढरू. वाचता येणाऱ्या मुलाबरोबर मार्ककृत शुभवर्तमान घ्या. ते चौघांत सर्वांत छोटं, सोळा अध्यायांचं आहे, आणि त्यात गोष्ट कुठे रेंगाळत नाही.

नोहाचं तारू आपण लहानांना प्राण्यांची गंमत म्हणून सांगतो, पण सहा वर्षांचं मूल हमखास विचारतं की बाकीच्या माणसांचं काय झालं. तेव्हा विषय बदलू नका. ‘ती बुडाली, आणि त्याआधी माणसांच्या दुष्टपणाचं देवाला फार दुःख झालं होतं’ असं सांगा, उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायात तसंच लिहिलं आहे. अब्राहाम आणि इसहाकाची गोष्ट मी दहा वर्षांखालच्या वर्गात घेत नाही. बापाने सुरी उचलली हे चित्र मुलाच्या मनात राहतं आणि इसहाकाऐवजी बळी गेलेला मेंढा लक्षातून निसटून जातो. शास्ते या पुस्तकाचा बराचसा भाग मोठ्या मुलांसाठी ठेवा.

एक विनंती: प्रत्येक गोष्टीला तात्पर्य चिकटवू नका. दावीद आणि गल्याथाची गोष्ट परीक्षेत पहिला नंबर काढण्यासाठी लिहिलेली नाही. गोष्ट सांगा आणि थांबा, मूल स्वतः काहीतरी बोलेल.

८. मुलं इंग्रजी माध्यमात आहेत, मराठी उपासना त्यांना कळत नाही. इंग्रजी चर्चला न्यावं का?

हा आता सर्वांत जास्त येणारा प्रश्न आहे, आणि माझं उत्तर अनेकांना आवडत नाही. मुलगा ज्या भाषेत विचार करतो त्या भाषेत त्याला शास्त्र कळलंच पाहिजे, म्हणून इंग्रजी बायबल त्याच्या हाती जरूर द्या. पण ज्या भाषेत आजी त्याच्यासाठी प्रार्थना करते, ती भाषा त्याच्याकडून काढून घेऊ नका. महिन्यातून दोन रविवार इकडे, दोन तिकडे असं अनेक कुटुंबं करतात आणि ते जमतं.

आपल्या भाषेतली ख्रिस्ती परंपरा तोकडी असती तर गोष्ट वेगळी होती. फादर थॉमस स्टीफन्स यांचं दहा हजारांहून अधिक ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात राशोल इथे १६१६ मध्ये छापलं गेलं. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनचा एवढा मोठा पसारा सांभाळून हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल आणलं, आणि १९२२ मध्ये देह ठेवण्याआधी ते काम पुरं केलं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर अभंग-ओवीच्या चालीत जी भजनं लिहिली, ती आजही टाळ-ढोलकीवर आपल्या उपासनेत म्हटली जातात.

इंग्रजी माध्यमातल्या मुलांना मराठी शिकवायचं तर इथूनच सुरू करा. गाण्यातून आलेले शब्द टिकतात. स्तोत्र २३ दोन्ही भाषांत पाठ करून घ्या. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही’ हे म्हणता येणाऱ्या मुलाला आजोबांच्या उशाशी बसून काहीतरी देता येतं. आखातात किंवा अमेरिकेत वाढणाऱ्या मुलांच्या आई-वडिलांनाही मी हेच सांगते.

९. रविवारी सकाळी क्लास किंवा सामना असतो. चर्च चुकलं तर चालेल का?

कधीतरी, हो. दर आठवड्याला, नाही. दहावीच्या वर्षी चर्च बंद केलेली मुलं अकरावीत आपोआप परत येतील असं पालक धरून चालतात, पण तसं क्वचितच होतं. मुलाने त्या वर्षात एवढंच शिकलेलं असतं की महत्त्वाचं काही आलं की देव थांबू शकतो. क्लासवाल्यांना वेळ बदलून मागा, संध्याकाळची उपासना शोधा. कॅथलिक चर्चमध्ये शनिवारी संध्याकाळचा मिस्सा रविवारचाच धरला जातो.

१०. पहिलं कम्युनियन आणि दृढीकरण कधी होतं? मूल तयार आहे हे कसं ओळखायचं?

कॅथलिक मुलं समजेचं वय आल्यावर, आधी पहिला पापनिवेदन संस्कार घेऊन, ख्रिस्तशरीर (कम्युनियनची भाकर) स्वीकारतात. हे वय पूर्वी बरंच पुढे असायचं. पोप पायस दहावे यांनी १९१० मध्ये ते सात वर्षांच्या आसपास आणलं. दृढीकरण पुढे, बिशपांनी ठरवलेल्या वयात होतं. अँग्लिकन वळणाच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत मुलं किशोरवयात दृढीकरणाच्या वर्गाला बसतात, मग बिशप डोक्यावर हात ठेवतात आणि सहसा त्यानंतर मुलं प्रभुभोजनात भाग घेतात.

तयारी ओळखताना प्रश्नोत्तरं पाठ आहेत का, एवढंच पाहू नका. कॅथलिक मुलाला ही भाकर साधी भाकर नाही एवढं उमगलं, तर पुरेसं आहे. दृढीकरणाच्या वेळी मात्र ‘तुला हे स्वतःला हवं आहे का?’ असं एकांतात विचारा, आणि ‘नाही’ आलं तर एक वर्ष थांबा. झगा, केक आणि हॉल आधीच ठरला असेल तरीही थांबा.

११. शेजारी गणपती बसतो, प्रसाद येतो, मित्र आरतीला बोलावतात. मुलाला काय सांगायचं?

प्रेषित पौलासमोर करिंथच्या मंडळीने जवळजवळ हाच प्रश्न ठेवला होता. मूर्तींना वाहिलेलं मांस खावं का? त्याचं उत्तर पहिल्या करिंथकरांस पत्राच्या आठव्या आणि दहाव्या अध्यायांत आहे, आणि ते एका शब्दाचं नाही. अन्नाने आपण देवाच्या जवळही जात नाही आणि दूरही जात नाही, असं तो सांगतो. बाजारात विकतात ते चौकशी न करता खा. पण तुमच्या खाण्याने एखाद्या दुबळ्या बंधूची विवेकबुद्धी दुखावत असेल तर खाऊ नका. आणि प्रत्यक्ष मूर्तिपूजेत भाग घेऊ नका. त्यामुळे मराठी ख्रिस्ती घरांत प्रसाद घेणारे आहेत आणि न घेणारेही आहेत. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायाप्रमाणे दोघांनी एकमेकांचा न्याय करू नये.

माझ्या घरची रीत सांगते. मुलं मित्राच्या घरी जातात, मखराचं कौतुक करतात, मोदक खातात. आरतीच्या वेळी शांत, आदराने उभी राहतात, पण ओवाळत नाहीत आणि नमस्कार करत नाहीत. कुणी विचारलं तर ‘आम्ही येशूची उपासना करतो’ एवढं सांगतात. दिवाळीत फराळाची ताटं येतात, नाताळात आमच्या करंज्या आणि केक त्यांच्याकडे जातात. आजवर एकाही शेजाऱ्याला यात अपमान वाटलेला नाही. लोकांना खटकतो तो तुच्छतेचा सूर. मुलासमोर दुसऱ्याच्या देवाची टिंगल कधीही करू नका. टिंगल शिकलेलं मूल आधी शेजाऱ्याला दुखावतं आणि काही वर्षांनी तुमच्याही देवाची टिंगल करतं.

ज्यांचे आई-वडील अलीकडेच विश्वासात आले आहेत त्यांच्यासाठी प्रसाद हा जास्त नाजूक विषय असतो. त्यांच्या घरी पाहुणे असताना आपल्या मुलांनीही घेऊ नये. पौलाच्या बोलण्याचा रोख तिकडेच आहे.

१२. शाळेत सरस्वतीपूजन असतं. मुलाने बसावंच लागतं का?

नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८(३) नुसार सरकारमान्य किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेत कोणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला उपस्थित राहायला लावता येत नाही. मूल अल्पवयीन असेल तर ती संमती पालकांची लागते. वर्गशिक्षकांना आधी भेटून नम्रपणे सांगा, बहुतेक ठिकाणी तेवढ्याने काम होतं. हाच अनुच्छेद आपल्या मिशन शाळांमधल्या हिंदू आणि मुस्लिम मुलांनाही लागू आहे, हे आपण लक्षात ठेवलं पाहिजे.

१३. ‘तुमचा धर्म इंग्रजांचा’ असं वर्गात म्हणतात. मुलगी रडत घरी येते.

तिला आधी जवळ घ्या, मग इतिहास द्या. वसईत पोर्तुगीज १५३४ मध्ये आले, म्हणजे इंग्रजांची सत्ता या भागात येण्याच्या कितीतरी आधीपासून तिथे ख्रिस्ती घरं आहेत. केरळातले ख्रिस्ती तर आपली परंपरा येशूचा शिष्य असलेल्या प्रेषित थोमापर्यंत नेतात. अहमदनगरला १८३१ मध्ये काम सुरू करणारे मिशनरी अमेरिकन होते. त्याच गावी मिस सिंथिया फरार यांच्याकडे सावित्रीबाई फुल्यांनी अध्यापनाचं प्रशिक्षण घेतलं. येशू स्वतः आशियात जन्मला, आणि त्याने युरोपात कधी पाऊल ठेवलं नाही.

मुलीला भांडायला शिकवू नका, पण तिला हे माहीत हवं. चिडवणं थांबत नसेल तर शाळेत स्वतः जा.

१४. मी ख्रिस्ती, माझे यजमान हिंदू. मुलांना कसं वाढवावं?

लग्नाआधी बोलला नसाल तर आता बोला, आणि मुलांसमोर नको. कॅथलिक व्यक्तीने परवानगी घेऊन असं लग्न केलं असेल, तर मुलांना कॅथलिक विश्वासात वाढवण्यासाठी आपल्याला शक्य ते सगळं करीन असं वचन तिने दिलेलं असतं, आणि ते यजमानांनाही माहीत असतं. ‘शक्य ते’ हे त्यातले शब्द संसार मोडेपर्यंत ताणायचे नसतात.

पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याची आई युनीके यहूदी, विश्वासात आलेली होती. बाप हेल्लेणी, म्हणजे ग्रीक, होता. पौल त्याच्या विश्वासाचं श्रेय आई आणि आजी लोईस यांना देतो. घरात एकटीने विश्वास जपणाऱ्या बाईसाठी नव्या करारातलं हे घर फार जवळचं आहे. मुलाला रोज रात्री तुमची प्रार्थना ऐकू येऊ द्या. वडिलांविषयी आदराने बोला. ‘दोन्ही धर्म सारखेच’ असं सांगून वेळ मारून नेऊ नका, मुलांना ते पटत नाही. ‘आई येशूवर विश्वास ठेवते, बाबा ठेवत नाहीत, आणि आम्हा दोघांचं तुझ्यावर प्रेम आहे’ हे सत्य त्यांना पेलतं.

१५. ‘हिंदू आजी स्वर्गात जाईल का?’ ‘मी प्रार्थना केली तरी आजोबा का गेले?’ काय उत्तर द्यायचं?

पहिल्या प्रश्नात मूल आजीची काळजी करत असतं, म्हणून आधी त्या प्रेमाला उत्तर द्या. मंडळ्यांची शिकवण वेगवेगळी आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये म्हटलं की स्वतःच्या दोषाशिवाय ज्यांना ख्रिस्ताचं शुभवर्तमान कळलं नाही, पण जे प्रामाणिक अंतःकरणाने देवाला शोधतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या ख्रिस्तावरच्या विश्वासाविना तारण नाही असं शिकवतात. पण न्याय करणारा देव आहे आणि तो अन्याय करत नाही, हे सगळेच मानतात. मुलाला तेवढं सांगा: ‘आजी देवाच्या हातात आहे, आणि देवाचं तिच्यावर तुझ्यापेक्षाही जास्त प्रेम आहे.’ नातवंडाच्या तोंडून आजीला नरकाची भीती घालणं क्रूर आहे.

दुसऱ्या प्रश्नाला ‘देवाला आजोबा हवे होते’ असं उत्तर देऊ नका. त्या उत्तराने देव आजोबांना पळवणारा ठरतो. ‘मलाही कळत नाही, मलाही रडू येतं’ असं म्हणता येतं. मित्र लाजराच्या कबरेपाशी येशू रडला, तो त्याला मरणातून उठवणार होता तरी रडला. ही गोष्ट मुलाबरोबर वाचा. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने मागितलं तेही त्याला मिळालं नव्हतं, हे दहा-बारा वर्षांच्या मुलाला समजतं.

१६. ‘छडी आवरणारा मुलाचा वैरी’ असं शास्त्रच म्हणतं. मग मारायला हरकत काय?

नीतिसूत्रांच्या तेराव्या अध्यायातलं हे वचन पालक मला नेहमी ऐकवतात. इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातलं, मुलांना चिरडीस आणू नका असं बापांना बजावणारं वचन मात्र कुणी ऐकवत नाही. शिस्त लागते, हद्दी ठरवाव्या लागतात, चुकीचे परिणाम मुलाला भोगू द्यावे लागतात. मार देण्यासाठी देवाचं नाव वापरू नका. ज्याच्या पाठीवर वचन म्हणत वळ उठले, त्याला ते वचन आयुष्यभर तसंच ऐकू येतं. शाळेत तर शारीरिक शिक्षेला २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने बंदीच आहे, आणि रविवारच्या शाळेत आम्ही वेगळा नियम लावत नाही.

१७. चर्चच्या शिबिरात मूल एकटं पाठवणं सुरक्षित आहे का?

विचारून पाठवा. मुलींसोबत महिला शिक्षिका आहेत का, कोणतीही प्रौढ व्यक्ती मुलासोबत बंद खोलीत एकटी राहत नाही ना, रात्रीची व्यवस्था कशी आहे? विचारल्यावर रागावणाऱ्या आयोजकांकडे मूल पाठवू नका. मुलाला लहानपणीच सांगा की पाळक, फादर, शिक्षक, काका, कुणीही असो, नकोसा स्पर्श झाला तर लगेच घरी सांगायचं. काही घडलंच तर मंडळीची अब्रू जपण्यासाठी गप्प बसणं हे पाप आहे, आणि २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार अशी घटना माहीत असून न कळवणं हा गुन्हाही आहे. पोलिसांना किंवा १०९८ या चाइल्डलाइन क्रमांकावर कळवा.

१८. पंधरा वर्षांचा मुलगा म्हणतो, ‘उत्क्रांती खरी, बायबल खोटं. मी चर्चला येणार नाही.’

त्याने हे तुम्हाला तोंडावर सांगितलं, ही चांगली गोष्ट आहे. बरीच मुलं बोलत नाहीत, निमूट येतात आणि घर सोडल्यावर चर्चही सोडतात.

विज्ञानाला घाबरू नका. आनुवंशिकतेच्या धड्यातला मेंडेल हा मठात राहणारा धर्मगुरू होता. विश्व प्रसरण पावतं आहे हे १९२७ मध्ये मांडणारा जॉर्ज लमेत्र बेल्जियमचा कॅथलिक धर्मगुरू होता. अनेक चर्चेस उत्पत्तीचे पहिले अध्याय विज्ञानाचं पुस्तक म्हणून वाचत नाहीत. काही मंडळ्या अक्षरशः वाचतात. तुमची तशी असेल तर मुलाला दुसराही अर्थ लावणारे प्रामाणिक ख्रिस्ती आहेत हे लपवू नका.

चर्चला यायचं की नाही, यावर मी पालकांना सांगते की घरचा नियम म्हणून सोबत येण्याची अपेक्षा ठेवा, पण गाणं म्हणायची, गुडघे टेकायची किंवा प्रभुभोजन घ्यायची सक्ती करू नका. त्याला तरुण संघात गिटार, ध्वनियंत्रणा किंवा नाताळच्या नाटकाची जबाबदारी मिळाली तर फार फरक पडतो. सतराव्या-अठराव्या वर्षी निर्णय त्याच्यावर सोपवा. आणि तुमचा स्वतःचा विश्वास डळमळत असेल तर तेही त्याला सांगता येतं. मार्कच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. येशूने त्याला परत पाठवलं नाही.

१९. मुलगी कॉलेजच्या फेलोशिपमध्ये (ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या प्रार्थनागटात) जाते आणि पुन्हा बाप्तिस्मा घ्यायचा म्हणते. थांबवावं का?

पाणी आणि त्रैक्याचं (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचं) नाव घेऊन झालेला बाप्तिस्मा कॅथलिक आणि बहुतेक जुन्या प्रॉटेस्टंट मंडळ्या एकदाच मानतात, पुन्हा देत नाहीत. बॅप्टिस्ट आणि बहुतेक पेंटेकॉस्टल मंडळ्यांचं मत वेगळं का आहे, ते प्रश्न ४ मध्ये आहे. मुलीशी बोलताना तिच्या मनात जागलेल्या ओढीचा आनंद माना. लहानपणीच्या बाप्तिस्म्याला आता स्वतःच्या तोंडाने ‘हो’ म्हणायचं आहे, तर दृढीकरण किंवा मंडळीसमोर साक्ष हा मार्ग तिला दाखवा. ती सज्ञान असेल आणि तरीही गेली, तर घराचं दार उघडं ठेवा. फेलोशिप घरच्यांशी संबंध तोडायला सांगत असेल, तर मात्र काळजी करा आणि पाळकांना मध्ये घ्या.

२०. शाळेच्या दाखल्यावर धर्म ‘ख्रिश्चन’ लिहिला तर जातीचा दाखला जाईल का?

या प्रश्नामागे बऱ्याच घरांची भीती आहे. संविधान (अनुसूचित जाती) आदेश, १९५० नुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख (१९५६ पासून) आणि बौद्ध (१९९० पासून) यांनाच मिळतो, ख्रिस्ती व्यक्तीला नाही. अनुसूचित जमातींना धर्माची अशी अट नाही. दलित ख्रिस्ती समाज कित्येक दशकं हा नियम बदलण्याची मागणी करतो आहे, आणि बाप्तिस्म्याने गावातली अस्पृश्यता संपत नाही हे पाहिलेल्या कुणालाही ती मागणी न्याय्य वाटेल.

तुमच्या कागदपत्रांबद्दल वकिलाचा सल्ला घ्या, सांगोवांगी निर्णय करू नका. माझा सल्ला फक्त मुलापुरता आहे: घरी एक नाव, शाळेत दुसरं, आणि ‘कुणाला सांगू नकोस’ अशा ओझ्याखाली त्याला वाढवू नका. कागदावर काय आहे आणि का आहे, हे त्याला कळत्या वयात खरं खरं सांगा.

२१. मुलाने आणि सुनेने चर्च सोडलं. नातीचा बाप्तिस्मा करायला ते तयार नाहीत. आम्ही आजी-आजोबांनी गुपचूप करून घ्यावा का?

करू नका. कॅथलिक नियमात बाप्तिस्म्यासाठी आई-वडिलांपैकी निदान एकाची संमती लागते, आणि मूल त्या विश्वासात वाढेल अशी रास्त आशाही लागते. प्रॉटेस्टंट पाळकही आई-वडिलांशिवाय बाप्तिस्मा देत नाहीत. मरणाच्या धोक्याची गोष्ट वेगळी, ती प्रश्न ५ मध्ये आहे. ठणठणीत नातीचा न्हाणीघरात गुपचूप बाप्तिस्मा केल्याचं कळलं, तर मुलगा-सून तिला तुमच्याकडे पाठवणं बंद करतील, आणि मग काहीच उरणार नाही.

संमतीने करता येण्याजोगं बरंच आहे. सुट्टीत ती तुमच्याकडे राहायला आली की तुमची रोजची प्रार्थना तिच्यामुळे लपवू किंवा थांबवू नका. तिला हवं असेल तर शेजारी बसू द्या. नाताळच्या नाटकात देवदूत व्हायला पाठवू का, असं सुनेला सरळ विचारा. बहुतेक सुना हो म्हणतात. झोपताना गोष्ट मागितली तर येशूची गोष्ट सांगा (प्रश्न ७), आणि ती घरी जाऊन सांगणारच आहे, म्हणून तिच्या आई-वडिलांसमोर बिनधास्त सांगता येईल अशीच सांगा. तिने स्वतः कधी विचारलं, ‘माझा बाप्तिस्मा का नाही झाला?’ तर तिच्या आई-वडिलांना दोष न देता म्हणा, ‘तू त्यांना विचार, आणि मोठी झालीस की तुलाही ठरवता येईल.’